मुलचेऱ्याच्या नकाशावरची नवी गावे आणि बाबासाहेबांची वसाहत

मुलचेरा तालुक्याचा नकाशा उघडा. खुदीरामपल्ली, देशबंधुग्राम, विवेकानंदपूर, सुंदरनगर, कालीनगर. गडचिरोलीच्या जंगलात ही बंगाली नावे आली कुठून?

फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना १९६० च्या दशकात तत्कालीन चांदा जिल्ह्यात वसवले गेले. जंगल तोडून, आखणी करून, कोऱ्या जागेवर गावे उभी केली. आज नव्या शहरांचे, 'शाश्वत' वसाहतींचे नकाशे मोठ्या थाटात दाखवले जातात. तेव्हा आम्ही म्हणतो, आधी मुलचेऱ्याला या. सरकारने शून्यातून वस्ती बसवली की काय होते, ते इथे साठ वर्षांपासून दिसते आहे.

या निर्वासितांत मोठा भाग नमशूद्रांचा. हे नाव आंबेडकरी तरुणाने विसरता कामा नये. १९४६ मध्ये मुंबई प्रांतातून बाबासाहेबांची वाट अडवली गेली, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालमधून त्यांना संविधान सभेत पाठवले. पुढे फाळणीची सर्वात जबर किंमत याच समाजाने मोजली. पाकिस्तानचे पहिले कायदा मंत्री झालेले मंडलही १९५० मध्ये राजीनामा देऊन भारतात परतले. दंडकारण्यातून सुंदरबनातल्या मरिचझापीला गेलेल्यांची १९७९ मध्ये डाव्या सरकारने नाकेबंदी केली, मग त्यांना हुसकावून लावले. चळवळीच्या व्यासपीठांवर मरिचझापीचे नाव किती वेळा ऐकू येते?

नवी वसाहत ही कल्पना बाबासाहेबांचीही होती. जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावांचा ठराव झाला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये तर त्यासाठी वसाहत आयोगच मागितला आहे. पडीक सरकारी जमीन घ्यायची, लागेल तिथे विकत घ्यायची, आणि खर्च केंद्राने करायचा. का? गावगाड्यात भूमिहीन दलित सवर्णांच्या बांधावर जगतो म्हणून. म्हणजे त्यांच्या आराखड्यात घराआधी जमीन होती, आणि जमिनीसोबत संविधानाचे संरक्षण.

मुलचेऱ्यात घर आणि शेत मिळाले, संरक्षण वाटेत गळाले. अनुच्छेद ३४१ खालची यादी राज्यवार असते. पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जात असलेला नमशूद्र महाराष्ट्राच्या यादीत नाही. जात तीच, दारिद्र्य तेच, राज्य बदलले की सवलत संपली! वनहक्क कायदा २००६ मध्येही बिगरआदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. साठच्या दशकात आलेला माणूस ती कुठून पुरी करणार?

पण इथे थांबलो तर अर्धेच सांगितले असे होईल. ज्याला कागदावर 'कोरी जागा' म्हटले, तिथे माडिया-गोंड होते. त्यांची मोहफुले, त्यांची गुरे, त्यांची जागोजागची दैवते त्या जंगलात होती. त्यांना कोणी विचारले? ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा आला १९९६ मध्ये, वस्त्या बसून तीन दशके उलटल्यावर. एका उपेक्षिताला बसवायला दुसऱ्याच्या अंगणात खुंटी ठोकली आणि आखणी करणारा मात्र शहरात निघून गेला. आता भांडण आदिवासी आणि बंगाली यांच्यात लावून दिले जाते. नकाशा काढणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्याच जिल्ह्यात काही वर्षांत नमशूद्र येऊन बसला. गडचिरोलीतल्या कार्यकर्त्यांकडे म्हणून आमची मागणी दोन्ही बाजूंची आहे: नमशूद्रांच्या यादीतील समावेशासाठी निवेदन द्या, आणि त्याच निवेदनात माडियांच्या सामूहिक वनहक्काचे दावे निकाली काढण्याची मागणी लिहा. दोन सह्या, एक कागद. मुलचेऱ्याच्या तहसील कार्यालयात तो घेऊन जायला दोन्ही वस्त्यांतली माणसे सोबत हवीत.