मोहरीच्या दाण्याएवढी

परवा मलकापूरला आत्याकडे गेलो होतो. आंबा घाटाकडून पाऊस नुसता कोसळत होता आणि वीज गेलेली. चहा पिता पिता आत्या एकदम म्हणाली, "अरं, प्रार्थना तोंडानं म्हणते, पर मनात काय बी येत न्हाई बघ. देवळात बसते ते बी खोटं वाटतंय."

आत्याचे यजमान जाऊन आता वर्ष होईल. तिला काय सांगावं ते मला सुचेना. आमच्या मंडळीत अशा वेळी 'विश्वास वाढव' असं सांगायची पद्धत आहे. पण ते म्हणजे तापाने फणफणलेल्याला 'ताप उतरव' म्हणण्यासारखंच!

मग मी तिला आपल्याच लोकांच्या दोन जुन्या गोष्टी सांगितल्या. तुम्हालाही सांगतो.

पहिली पंडिता रमाबाईंची. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला, १८८३ साली. शास्त्र कोळून प्यालेली बाई! पण १९०७ साली आपली साक्ष लिहिताना त्यांनी सरळ कबूल केलं, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्या लक्षात आलं, धर्म तर मिळाला पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही. आठ वर्षं! या काळात त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. अमेरिका पालथी घातली, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. आत पोकळी होती, तरी हात कामाला होते.

दुसरी लक्ष्मीबाई टिळकांची. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. पदरात लहानगा दत्तू. काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर, नातलगांकडे राहिल्या. पुढे एकत्र आल्या तरी सोवळं सुटेना. जात देवाने केली की माणसाने, या एका प्रश्नाशी झगडत त्या एकेक पाऊल पुढे आल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधली वर्षं रडण्याची, रागावण्याची, शंकांची. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी ती लपवली नाहीत, उलट स्वतःवर हसत हसत सांगितली.

आणि गंमत बघा. १९१९ साली टिळक गेले, तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं. त्याचे बहुतेक अध्याय पुढे लिहिले ते लक्ष्मीबाईंनी. ज्या धर्मापायी संसार मोडला असं जिला वाटलं होतं, तिनेच!

मला वाटतं, आपण मोठ्या माणसांच्या गोष्टी शेवटाकडून वाचतो, म्हणून त्यांचा विश्वास आपल्याला डोंगराएवढा दिसतो. मधली कोरडी वर्षं गळून जातात आणि मग आपलं कोरडं वर्ष तेवढं पाप वाटायला लागतं.

शुभवर्तमानात त्या आजारी मुलाच्या बापाची गोष्ट आहे. विश्वास आहे आणि अविश्वासही आहे, असं दोन्ही तो येशूपुढे एकाच दमात कबूल करतो. 'आधी विश्वास पुरता कर, मग ये' असं त्याला कोणी परत धाडलं नाही. पोरगं त्याच दिवशी बरं झालं.

आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजे रमाबाईला बी असं झालतं व्हय?" एवढंच.

रविवारी एसटीने तिला उपासनेला कोल्हापूरला घेऊन गेलो. टिळकांचं गीत लागलं. आत्या गायली नाही. पण 'उपासना संगीत' तिने बरोबर त्या पानावर उघडून धरलं होतं, आणि ओळ पुढे सरकेल तसं तिचं बोटही सरकत होतं.

मला तेवढं पुरे वाटलं. दाणा मोहरीचाच तर लागतो.