धुऱ्यावरचे कुंपण : हद्द आधी, तार नंतर

नागपूर-वर्धा मार्गावरील केळझर (ता. सेलू, जि. वर्धा) हे गाव सिद्धिविनायकाच्या मंदिरामुळे परिचित आहे. बोर व्याघ्र प्रकल्पाचे जंगल याच तालुक्यात असल्याने या भागातील कपाशी, तूर व हरभऱ्याला रोही आणि रानडुकरांचा उपद्रव होतो. पीक राखण्यासाठी तारेचे कुंपण घालायचे, तर धुरा म्हणजे शेताचा बांध नेमका कोठे, हा प्रश्न उभा राहतो आणि शेजाऱ्यांत तंटा सुरू होतो.

कुंपण कोणाचे?

कुंपण म्हणजे हद्द नव्हे. खांब कोणी रोवले, यावरून त्याखालील जमिनीची मालकी ठरत नाही. सातबारा उताऱ्यावर क्षेत्र असते. रेषा मात्र नकाशावर असते. गावठाणातील घराबाबत ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. तेथे २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतील नकाशा व सनद उपयोगी पडते. सामाईक कुंपण घालावयाचे असल्यास खर्च, देखभाल व दुरुस्तीचा लेखी करार करावा.

मोजणी

वाद दिसताच उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे हद्द कायम मोजणीसाठी अर्ज करावा. लगतच्या खातेदारांना नोटीस देऊन भूकरमापक मोजणी करतो आणि हद्दीच्या खुणा दाखवितो. मोजणी नकाशाची 'क' प्रत अर्जदाराला मिळते. ती अमान्य असल्यास निमताना मोजणी मागता येते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १३५ प्रमाणे हद्दीच्या वादाचा निर्णय जिल्हाधिकारी चौकशी करून देतात. कलम १४० प्रमाणे हद्दीच्या खुणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी खातेदाराची आहे. मालकीचाच वाद असेल तर दिवाणी न्यायालयात जावे लागते. तेथे न्यायालय प्रत्यक्ष पाहणीसाठी आयुक्त नेमू शकते. सरकलेल्या कुंपणाकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष करणे धोक्याचे असते. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे शेजाऱ्याचा ताबा प्रतिकूल ठरल्यापासून १२ वर्षांत दावा न केल्यास जमिनीवरील हक्क गमावण्याची वेळ येऊ शकते.

नुकसान झाल्यास

तार तोडली किंवा खांब उपटले, तर छायाचित्रे व पंचनामा करून प्रथम लेखी नोटीस द्यावी. भरपाईसाठी दिवाणी दावा करता येतो. हेतुपुरस्सर केलेले नुकसान हा भारतीय न्याय संहिता, २०२३ खाली आगळिकीचा गुन्हा आहे. शासकीय हद्दीची खूण नष्ट करणे वा हलविणे हाही गुन्हा आहे. सूड म्हणून शेजाऱ्याचे कुंपण तोडणारा स्वतःच आरोपी होतो. कुंपणात थेट वीजप्रवाह सोडणे तर जिवावर बेतते. त्याने माणसे, गुरे आणि वाघही दगावले आहेत.

तडजोड

१५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतून गावोगावी तंटामुक्ती समित्या स्थापन झाल्या. गावात समिती कार्यरत असेल तर तिच्यापुढे, अन्यथा तालुका विधी सेवा समितीमार्फत लोक अदालतीत तडजोड करता येते. लोक अदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नसते. मात्र तडजोडीपूर्वी मोजणी झालेली असावी. नकाशावाचून झालेला समेट पुढच्या नांगरणीपर्यंतही टिकेल याची खात्री नसते.