दंतवैद्यकाचे शिक्षण: पडद्यावर काय शिकता येते?

दातावरचे कवच, म्हणजेच एनॅमल, हा मानवी शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. मोडलेले हाड सांधते, कापलेली त्वचा भरून येते. पण कोरले गेलेले एनॅमल पुन्हा तयार होत नाही. दाढेच्या उंचवट्यांवर त्याची जाडी सुमारे 2 ते 2.5 मिलिमीटर असते आणि ते कोरणारे ड्रिल मिनिटाला 3 लाखांहून अधिक फेरे घेते. त्यामुळे हात शिकाऊ असताना होणाऱ्या चुका रुग्णाच्या तोंडाबाहेर कशा होऊ द्यायच्या, हा दंतवैद्यकाच्या शिक्षणातला जुना प्रश्न आहे.

जुनी पद्धत कोणती?

या प्रश्नाचे पहिले उत्तर म्हणजे ‘फँटम हेड’. हे माणसाचे कृत्रिम डोके असते. त्याच्या जबड्यात प्लॅस्टिकचे दात बसवतात आणि विद्यार्थी ते कोरून, भरून सराव करतात. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आली आहे. भारतात बीडीएसचे विद्यार्थी आधी असाच सराव करतात आणि साधारण तिसऱ्या वर्षापासून रुग्णांवर उपचार करू लागतात.

या पद्धतीच्या मर्यादा दोन. खऱ्या दातात एनॅमल कठीण, त्याखालचे डेंटिन त्याहून मऊ आणि किडलेला भाग आणखी मऊ लागतो. साध्या प्लॅस्टिकच्या दातात हा फरक हाताला जाणवत नाही. शिवाय एकदा कोरलेला दात बदलावा लागतो आणि काम कसे झाले हे शिक्षकांनी येऊन पाहिल्यावरच कळते.

ऑनलाइन शिक्षणाने काय साधते?

दातांची रचना, एक्स-रे वाचणे, औषधांची माहिती, भूल देण्याची जागा ओळखणे हे सारे व्हिडिओ, त्रिमितीय चित्रे आणि प्रश्नमंजूषा यांतून चांगले शिकता येते. व्हिडिओ थांबवून पुन्हा पाहता येतो. व्याख्यान घरी पाहून वर्गातला वेळ चर्चेला आणि सरावाला देण्याची पद्धतही रूढ होत आहे.

‘आभासी रुग्ण’ हा त्यापुढचा टप्पा. समजा, पडद्यावरचा रुग्ण सांगतो की थंड पाणी प्यायल्यावर दाढेत कळ येते. कळ लगेच थांबते की रेंगाळते, हे विद्यार्थ्याने विचारायचे. कारण त्या उत्तरावरून साधे फिलिंग पुरेल की रूट कॅनॉलची गरज आहे, याचा अंदाज बांधता येतो. प्रश्न विचारायचा राहिला तर निदान चुकते, पण दुखत कोणालाच नाही.

हाताला शिकवणारे यंत्र

माहिती आणि निर्णय पडद्यावर शिकता येतात. हाताचे कौशल्य मात्र नुसते पाहून येत नाही. 2020 च्या टाळेबंदीत हे ठळकपणे दिसले. व्याख्याने मोबाइलवर पोहोचली, हातांचा सराव मात्र थांबला.

ही उणीव काही प्रमाणात ‘हॅप्टिक सिम्युलेटर’ भरून काढतो. हॅप्टिक म्हणजे स्पर्शाशी संबंधित. नेदरलँड्समध्ये विकसित झालेला ‘सिमोडोंट’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. विमानचालकांसाठी सिम्युलेटर बनवणाऱ्या मूग या कंपनीने ॲमस्टरडॅममधील दंतवैद्यक शिक्षणसंस्थेच्या सहकार्याने तो तयार केला. विद्यार्थी त्रिमितीय चष्म्यातून दात पाहतो आणि हातात ड्रिलची मूठ धरतो. मूठ पुढे नेली की यंत्रातील मोटारी तिला विरोध करतात: एनॅमलपाशी जास्त, किडलेल्या भागात कमी. किडलेला भाग किती निघाला आणि निरोगी भाग किती गेला, हे यंत्र मोजून दाखवते. चूक झाली तर तोच दात पुन्हा अखंड करून घेता येतो.

मर्यादा कोणत्या?

सिम्युलेटरच्या दातामागे माणूस नसतो. लाळ, हलणारी जीभ, दुखेल या धास्तीने आखडलेला जबडा आणि ‘अजून किती वेळ?’ असे विचारणारे डोळे, यांना सांभाळणे रुग्णाजवळ बसूनच येते. यंत्र आकडा दाखवते. मनगट कुठे टेकवायचे, पाठ कशी ठेवायची हे बाजूला उभ्या असलेल्या शिक्षकालाच दिसते. शिवाय अशी यंत्रे महाग असतात. ऑनलाइन धडा हजारोंना एकाच वेळी देता येतो, सिम्युलेटरवर मात्र एका वेळी एकच जण बसतो. म्हणून फँटम हेडची गरज संपलेली नाही.

याचा रुग्णाशी काय संबंध?

शासकीय दंत महाविद्यालयांत कमी खर्चात उपचार मिळतात. खासगी दवाखान्याचा खर्च न झेपणारे अनेक जण तिथे येतात. विद्यार्थ्यांचे हात प्रत्यक्ष कामाला लागतात ते याच रुग्णांच्या तोंडात. त्यामुळे शिकवण्याचे साधन निवडताना ते किती आधुनिक आहे यापेक्षा, विद्यार्थी पहिल्या रुग्णाजवळ पोहोचण्याआधी त्याच्या किती चुका करून आणि सुधारून झाल्या, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.