सुवालीचा डोह : वाळूच्या आडोशाचे बंदर

१/ सतराव्या शतकात सुरत हे मोगल साम्राज्याचे सर्वांत संपन्न बंदर होते. तरीही युरोपातून आलेली मोठी जहाजे सुरतेच्या धक्क्याला कधी लागत नसत. मग ती थांबत कोठे? हा धागा त्या जागेचा आणि तिला घडवणाऱ्या वाळूच्या एका दांड्याचा.

२/ सुरत शहर समुद्रापासून सुमारे २० किलोमीटर आत, तापीच्या काठी वसले आहे. नदीच्या मुखाशी वाळू साचलेली असल्याने खोल बुडाच्या जहाजांना आत शिरता येत नसे. मुखाच्या उत्तरेस सुवाली गावासमोर मात्र किनाऱ्याला समांतर असा एक दांडा होता. भरतीला तो पाण्याखाली जाई, ओहोटीला उघडा पडे. दांडा आणि किनारा यांच्यामध्ये सुमारे ७ मैल लांब व दीड मैल रुंद असे निवाऱ्याचे पाणी होते. इंग्रज त्याला ‘स्वाली होल’, म्हणजे सुवालीचा डोह, म्हणत.

३/ हे दांडे तयार कसे होतात? खंबायतच्या आखाताचा आकार नरसाळ्यासारखा आहे. निमुळत्या भागात पाणी चढत जाते, म्हणून येथील भरती-ओहोटीतील फरक भारतात सर्वाधिक आहे. साबरमती, मही, नर्मदा आणि तापी येथे गाळ आणून ओततात. भरतीचा आणि ओहोटीचा जोर अनेकदा वेगवेगळ्या वाटांनी वाहतो, आणि त्या वाटांच्या मधोमध वाळूचे लांब दांडे उभे राहतात.

४/ लाटा दांड्यावर फुटल्या की त्यांचा जोर ओसरतो. मागच्या शांत पाण्यात गाळ खाली बसतो आणि कालांतराने किनारा पुढे सरकतो. दांडा हलला, तर त्याच लाटा थेट किनाऱ्यावर आदळून तो खाऊ लागतात.

५/ नोव्हेंबर १६१२ च्या अखेरीस थॉमस बेस्टच्या दोन जहाजांची पोर्तुगिजांच्या चार गॅलिअन जहाजांशी येथेच गाठ पडली. लढाईत तीन गॅलिअन वाळूत रुतली. पुढे ती सोडवता आली, पण पोर्तुगिजांचा दरारा ओसरला. १६१३ मध्ये इंग्रजांची सुरतेची वखार मार्गी लागली.

६/ १६१५ च्या आरंभी गोव्याचा व्हाइसरॉय जेरोनिमो द अझेवेदो स्वतः मोठे आरमार घेऊन आला. निकोलस डाउंटनची चार जहाजे डोहातच राहिली. पोर्तुगिजांच्या अवजड जहाजांना उथळ पाण्यामुळे आत येता येईना. अखेर व्हाइसरॉयला माघार घ्यावी लागली.

७/ मराठ्यांच्या इतिहासातही हा डोह येतो. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली, तेव्हा इंग्रजांनी आपला माल आधीच सुवालीला हलवला होता. वखारीच्या रक्षणासाठी स्ट्रेन्शॅम मास्टर खलाशांची तुकडी घेऊन आला, तोही सुवालीहूनच.

८/ पण ज्या आडोशाने जहाजे वाचवली, त्याच आडोशाला गाळही थांबत होता. डोह हळूहळू उथळ झाला. पुढे मोठी जहाजे तापीच्या मुखाबाहेर, दांड्यापलीकडे नांगर टाकू लागली.

९/ या पार्श्वभूमीवर मुंबईकडे पाहावे. १६६८ मध्ये ती कंपनीच्या ताब्यात आली आणि १६८७ मध्ये कंपनीने पश्चिम किनाऱ्यावरील आपले मुख्य ठाणे सुरतेहून तेथे हलवले. यामागे राजकारण होते, सुरक्षिततेची चिंता होती. पण मुंबईचे बंदर खोल होते आणि त्याचा आडोसा खडकाळ बेटांचा होता, हेही विसरता येत नाही. वाळू सरकते, खडक जागा सोडत नाही.

१०/ आज सुवाली हा सुरतकरांच्या सहलीचा किनारा आहे. शेजारीच हजिऱ्याचे आधुनिक बंदर आहे आणि तेथे जहाजांची वाट खोल राखण्यासाठी तळाचा गाळ उपसावा लागतो.

११/ इतिहासाच्या अभ्यासकाने यातून एक सवय लावून घ्यावी. आजच्या नकाशावरची किनाऱ्याची रेघ जुन्या कागदपत्रांवर जशीच्या तशी बसवू नये. बंदर कोठे होते, एवढे विचारून भागत नाही. त्या वर्षी खोल पाणी कोठे होते, हेही विचारावे लागते.

(धागा समाप्त)