शिपिंग खर्च (ऑनलाइन विक्री)

शिपिंग खर्च म्हणजे ऑनलाइन विकलेली वस्तू विक्रेत्याकडून ग्राहकापर्यंत पोचविण्यासाठी येणारा एकूण खर्च होय. मराठीत त्यास पाठवणी खर्च, टपालखर्च, कुरियर खर्च किंवा बोलीभाषेत डिलिव्हरी चार्ज असेही म्हणतात. वाहतूकदाराच्या भाड्याबरोबरच खोका, वेष्टन, चिकटपट्टी, विमा, रोख वसुलीचे शुल्क, त्यांवरील कर आणि परत आलेल्या मालाचे भाडे यांचाही त्यात समावेश होतो. ग्राहकाकडून घेतला जाणारा शिपिंग आकार आणि विक्रेत्यास प्रत्यक्ष पडणारा शिपिंग खर्च या दोन वेगळ्या रकमा आहेत. कमी किमतीच्या वस्तूंच्या विक्रीत नफा झाला की तोटा, हे पुष्कळदा या दोहोंतील फरकावर ठरते.

पार्श्वभूमी

टपालाचे दर पूर्वी अंतरानुसार ठरत. पत्राचा खरा खर्च अंतरापेक्षा हाताळणीत अधिक होतो, हे रोलंड हिल यांनी ब्रिटनमध्ये दाखवून दिले आणि १८४० साली तेथे एकसमान दर लागू झाला. भारतात १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अंतर कितीही असले तरी अर्धा आणा पडू लागला. पार्सलांच्या बाबतीत मात्र वजनाचे महत्त्व कायम राहिले.

दूरस्थ विक्री ही इंटरनेटची देणगी नव्हे. भारतीय टपाल खात्याने १८७७ साली मूल्यदेय टपाल, म्हणजेच व्ही. पी. पी., ही सेवा सुरू केली. पोस्टमनने पार्सल देताना किंमत वसूल करायची आणि ती रक्कम मनीऑर्डरने विक्रेत्यास मिळायची, अशी ही पद्धत होती. मराठी नियतकालिकांतील पुस्तकांच्या व औषधांच्या जाहिरातींत ‘टपालखर्च वेगळा’ हे शब्द नित्याचे असत. ग्राहकाने व्ही. पी. सोडवून घेतली नाही तर जाण्यायेण्याचा भुर्दंड विक्रेत्यावर पडे. आजच्या ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ची अडचणही नेमकी तीच आहे.

आकारणीचे वजन

नवख्या विक्रेत्याचा हिशेब सर्वाधिक वेळा चुकतो तो येथे. वस्तूचे वजन आणि आकारणीचे वजन एक नसते. कुरियर कंपन्या दोन वजने काढतात व त्यांपैकी जे अधिक असेल त्यावर भाडे लावतात. पहिले वजन काट्यावरचे, खोका व वेष्टनासह. दुसरे आकारमानी वजन, ज्यास व्यवहारात व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. ते असे काढले जाते:

आकारमानी वजन (किलोग्रॅम) = लांबी × रुंदी × उंची (सेंटिमीटर) ÷ ५०००

भाजक सर्वत्र सारखा नसतो. आंतरराष्ट्रीय एक्सप्रेस सेवांत ५००० रूढ आहे, तर हवाई मालवाहतुकीत साधारणतः ६००० धरतात. भूपृष्ठ वाहतुकीत कंपनीनुसार आणखी वेगळे भाजक आढळतात. भाजक जितका लहान, तितके आकारमानी वजन जास्त. विमानात किंवा ट्रकमध्ये वजनाआधी जागा संपते, हे या नियमामागील कारण आहे. अमेरिकेत फेडएक्स व यूपीएस या कंपन्या भूपृष्ठ सेवेत पूर्वी तीन घनफूट किंवा त्याहून मोठ्या खोक्यांनाच हा नियम लावीत. २०१५ च्या सुमारास तो सरसकट लागू झाला. तेथील व्यापाऱ्यांनी त्यानंतरच खोक्यांचे आकार गांभीर्याने घेतले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

दिवाळीचा आकाशकंदील हे याचे बोलके उदाहरण होय. प्रत्येक बाजू ४० सेंटिमीटर असलेल्या खोक्यात उघडा कंदील ठेवल्यास प्रत्यक्ष वजन जेमतेम पाऊण किलो भरेल; परंतु आकारमानी वजन ६४,००० ÷ ५००० = १२.८ किलो होते व भाडे त्याचेच लागते. तोच कंदील घडीचा करून ४५ × ४५ × ५ सेंटिमीटरच्या चपट्या खोक्यात घातला तर आकारमानी वजन २.०२५ किलोवर येते. येथेही एक खोच आहे. भाडे बहुधा ५०० ग्रॅमच्या टप्प्यांनी वाढते आणि टप्पा नेहमी वरचा धरतात, त्यामुळे २.०२५ किलोसाठी २.५ किलोचे पैसे मोजावे लागतात. खोका ४४ × ४४ × ५ केला की वजन १.९३६ किलो होते व २ किलोच्या टप्प्यात बसते. एका सेंटिमीटरने अर्ध्या किलोचे भाडे वाचते.

५००० या भाजकाचा अर्थ असा की, एक लिटर आकारमानाला २०० ग्रॅम वजन गृहीत धरले जाते. भरलेला खोका लिटरमागे २०० ग्रॅमपेक्षा हलका असेल तर आकारमान महाग पडते. जड असेल तर काट्यावरचे वजन. ३० × २५ × २० सेंटिमीटरचा खोका १५ लिटरचा असून त्याचे आकारमानी वजन ३ किलो होते. तो बेसनाच्या लाडवांनी भरल्यास ३ किलोची मर्यादा सहज ओलांडली जाते आणि हिशेब प्रत्यक्ष वजनाचा होतो. कुरमुऱ्यांच्या चिवड्याने भरल्यास मात्र ग्राहक हवेचेही भाडे देत असतो. पुस्तके, भांडी, मूर्ती हा जड माल. उशा, टोपल्या, कागदी सजावट हा हलका माल.

टप्प्यांचा फटका लहान वस्तूंनाही बसतो. ४७० ग्रॅमची वस्तू आणि ६० ग्रॅमचे वेष्टन मिळून ५३० ग्रॅम होतात व दुसरा टप्पा लागतो. म्हणून दर ठरविण्यापूर्वी वस्तू प्रत्यक्ष बांधून, चिकटपट्टीसह तोलणे व मोजणे आवश्यक असते. फुगलेल्या पिशवीचे किंवा पोट सुटलेल्या खोक्याचे माप त्याच्या सर्वांत रुंद भागावर धरले जाते.

कुरियर कंपन्यांच्या मोठ्या केंद्रांत माल यंत्राद्वारे पुन्हा मोजला जातो. विक्रेत्याने नोंदविलेल्या वजनापेक्षा ते जास्त भरले तर फरकाची रक्कम नंतर वसूल होते, तीही ग्राहकाशी व्यवहार पूर्ण झाल्यावर. अशा वादात बांधलेल्या खोक्याची काट्यावरील व मोजपट्टीसह काढलेली छायाचित्रे हाच विक्रेत्याचा मुख्य पुरावा असतो.

अंतर व विभाग

देशांतर्गत दरपत्रकात साधारणपणे तेच शहर, तोच प्रदेश, महानगर ते महानगर, उर्वरित भारत, आणि ईशान्य भारत व जम्मू-काश्मीर असे विभाग आढळतात. पुणे ते दिल्ली हा मार्ग पुणे ते एखादे दुर्गम तालुक्याचे गाव या मार्गापेक्षा लांब असूनही स्वस्त पडू शकतो, कारण महानगरांदरम्यान माल भरपूर असतो. सर्व पिनकोडांवर खासगी कुरियर जात नाही. तेथे टपाल खातेच उरते. पुस्तकांसाठी टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये ते ५ किलोपर्यंत १०० रुपये, शिवाय कर, असे तिचे आरंभीचे दर होते. एका कवितासंग्रहाच्या किमतीइतकेच कुरियरचे भाडे होत असताना लहान प्रकाशकांसाठी ही बाब गौण नाही.

परत आलेला माल

ग्राहकाने न स्वीकारलेला किंवा पत्ता न सापडलेला माल विक्रेत्याकडे परत येतो. यास व्यवसायात आर. टी. ओ. म्हणतात (वाहननोंदणीच्या कार्यालयाशी त्याचा संबंध नाही). त्याचा खर्च प्रत्येक यशस्वी विक्रीवर वाटून घ्यावा लागतो. समजा, जाण्याचे भाडे ८० रुपये व परतीचे ७० रुपये आहे आणि दहांपैकी दोन पार्सले परत येतात. एकूण खर्च ८०० + १४० = ९४० रुपये; पोचलेली पार्सले आठ. म्हणजे प्रत्येक विक्रीमागे खरा खर्च ८० नव्हे, तर ११७ रुपये ५० पैसे. रोख वसुलीचे शुल्क यात धरलेले नाही. आगाऊ पैसे भरणाऱ्यास सवलत देणे किंवा पाठविण्यापूर्वी दूरध्वनीवर खात्री करून घेणे, हे उपाय विक्रेते योजतात ते या आकड्यामुळेच.

कर व कायदा

भारतात कुरियर सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. नोंदणीकृत विक्रेत्यास त्याचे क्रेडिट मिळते. नोंदणी नसलेल्यास व कंपोझिशन योजनेतील विक्रेत्यास ते मिळत नाही. त्यांच्यासाठी १०० रुपयांचे भाडे ११८ रुपयांचेच असते.

ग्राहकाकडून वेगळा घेतलेला शिपिंग आकारही करपात्र असतो. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ मध्ये ‘संमिश्र पुरवठा’ ही संकल्पना आहे. वस्तू, तिचे वेष्टन, वाहतूक व विमा एकत्र पुरविल्यास वस्तू हा मुख्य पुरवठा मानला जातो, असे उदाहरण अधिनियमातच दिले आहे. त्यामुळे ५ टक्के कर असलेल्या वस्तूच्या शिपिंग आकारावरही ५ टक्केच कर लागतो, कुरियर कंपनीने विक्रेत्यास १८ टक्के लावला असला तरी.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याने वस्तूची एकूण किंमत एकाच आकड्यात सांगून तिची फोडही द्यावयाची असते. त्या फोडीत डिलिव्हरी, टपाल व हाताळणी आकार दाखवावे लागतात. पैसे भरण्याच्या अखेरच्या पायरीवर अचानक वाढीव रक्कम दाखविणे २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुचित ठरते.

आकारणीच्या पद्धती

ग्राहकाकडून आकार घेण्याच्या मुख्य पद्धती तीन. पिनकोड व वजनानुसार प्रत्यक्ष दर, सर्वांना एकच ठरावीक दर, आणि ‘मोफत’ शिपिंग. ठरावीक दरात जवळचा ग्राहक दूरच्याचा भार उचलतो, म्हणून तो ठरविताना विभागनिहाय विक्रीची भारित सरासरी काढावी लागते, साधी नव्हे. मोफत शिपिंगचा खर्च किमतीत मिसळलेला असतो. ॲमेझॉनने २००५ साली अमेरिकेत वार्षिक ७९ डॉलर वर्गणीची ‘प्राइम’ योजना आणल्यानंतर ग्राहकांची अपेक्षा बदलली आणि त्याची झळ लहान विक्रेत्यांना अधिक बसली.

वेगळा दाखविलेला आकार ग्राहक पूर्णपणे लक्षात घेतोच असे नाही. तंजीम हुसेन व जॉन मॉर्गन यांनी ईबेवर सीडी व व्हिडिओ गेमचे लिलाव करून २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आरंभीची किंमत कमी व शिपिंग आकार जास्त ठेवल्यास सामान्यतः अधिक उत्पन्न मिळाल्याचे दिसले. आकार वस्तूच्या किमतीच्या मानाने फारच वाढल्यावर मात्र हा परिणाम टिकला नाही. याच प्रवृत्तीचा गैरफायदा घेऊन काही विक्रेते किंमत नाममात्र ठेवून सारी रक्कम शिपिंगमध्ये दाखवीत व कमिशन चुकवीत. ईबेने २०११ पासून शिपिंगसह एकूण रकमेवर शुल्क लावले. एत्सीनेही २०१८ मध्ये तसेच केले.

अशा ठिकाणी शिपिंगचे १०० रुपये वसूल करण्यासाठी १०० रुपये आकारणे पुरत नाही. कमिशन १० टक्के असल्यास १०० ÷ ०.९०, म्हणजे १११ रुपये ११ पैसे घ्यावे लागतात. ११० रुपये घेतल्यास कमिशन वजा जाता ९९ च हाती येतात.

परदेशी पाठवणी

परदेशी पार्सलात भाड्याखेरीज सीमाशुल्क कोणी भरायचे, हा प्रश्न येतो. विक्रेत्याने आधी भरल्यास पार्सल सुरळीत पोचते. ग्राहकावर सोडल्यास दारात अनपेक्षित रक्कम मागितली जाते व माल नाकारला जाण्याची शक्यता वाढते. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतच्या आयातीची मूल्यवर्धित करसवलत १ जुलै २०२१ पासून रद्द केली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबविली. त्या सुमारास भारतीय टपाल खात्याने अमेरिकेकडे जाणारी पार्सलसेवा स्थगित केली होती. ती १५ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर पूर्ववत झाली. तेथील मराठी कुटुंबांना फराळ पाठविणाऱ्या घरगुती व्यावसायिकांना त्या हंगामात टपालाचा पर्याय फारसा उपयोगी पडला नाही.