नॉक्सची खिडकी

अब्बांचा फोटो आमच्याकडे कपाटात असतो. नमाज पढायच्या खोलीत माणसाचा फोटो नको, आणि आमच्या दोन खोल्यांत नमाज कुठेही होते, म्हणून भिंतीवर नाही. अम्मी वर्षातून दोन-चारदा तो बाहेर काढते, ओढणीनं पुसते, परत ठेवते. एडिनबर्गच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये मान वर करून रंगीत काचेच्या खिडक्या पाहताना मला तो फोटो आठवला.

हे चर्च प्रेस्बिटेरियन पंथाचं माहेरघर. १५५९ मध्ये जॉन नॉक्स इथे प्रवचनाला उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या संसदेनं पोपची सत्ता झुगारली. दहा आज्ञांमधली मूर्ती न करण्याची आज्ञा या मंडळींनी अक्षरशः घेतली. संत जाइल्सचा पुतळा तर त्याआधीच तळ्यात बुचकळून जाळला गेला होता. नंतर वेद्या मोडल्या, भिंतींना चुना लागला, रंगीत काचा गेल्या. १६४८ मध्ये या चर्चनं जी प्रश्नोत्तरी मान्य केली, तिच्यात देवाची प्रतिमा मनातल्या मनात उभी करणंही पाप ठरवलं आहे. आमच्या मदरशातल्या मौलवीसाहेबांनी इतकं कधी ताणलं नव्हतं!

त्या धुमाळीतून काय वाचलं, तेही पाहण्यासारखं आहे. जवळच काउगेट रस्त्यावर धातुकाम करणाऱ्या कारागिरांच्या संघाचं मॅग्डालेन चॅपेल आहे. तिथल्या खिडकीत सुधारणेच्या आधीच्या काचेची चार वर्तुळं अजून जागेवर आहेत. त्यांत संत नाहीत, चेहरा नाही. नुसती राजचिन्हं आणि घराण्यांची चिन्हं.

मग जवळजवळ तीनशे वर्षांनी चित्रं परतली कशी? ग्रेफ्रायर्स चर्च १८४५ च्या आगीत जळलं. १८५७ मध्ये रॉबर्ट ली या पाद्र्यानं ते पुन्हा उघडलं, तेव्हा खिडक्यांत रंगीत काच होती. पुढे सेंट जाइल्सचा जीर्णोद्धार झाला आणि तिथेही खिडक्यांमागून खिडक्या बसल्या. मला वाटतं, चित्रांनी आत यायला मृतांचं दार वापरलं. संताची मूर्ती आणू म्हटलं असतं तर दंगा झाला असता. पण वडिलांच्या स्मरणार्थ खिडकी देतो म्हणणाऱ्या मुलाला नाही कसं म्हणायचं? खाली नाव मृताचं आणि वर चित्र येशूचं. म्हणजे प्रश्नोत्तरीनं जे मनातही आणू नका म्हटलं, नेमकं तेच.

याच चर्चचे जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचं. मूर्तिपूजेवरून त्यांनी मोरभट दांडेकरांशी जाहीर वाद घातला, १८३२ मध्ये पुस्तकही लिहिलं. मुसलमानांशीही ते वाद घालत. इकडे मूर्तींवर ही टीका, आणि पन्नास वर्षांच्या आत मायदेशी काचेतून चेहरे उगवू लागले होते. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. दर्ग्यांवरून, पक्क्या कबरींवरून आपल्यात जे तंटे होतात, ते काही वेगळे नाहीत.

सेंट जाइल्सच्या मोरे दालनात १८८१ ची एक खिडकी आहे. १५७० मध्ये खून झालेल्या रीजंट मोरे यांचं ते स्मारक. एका भागात खुनाचा प्रसंग आहे, दुसऱ्यात अंत्यविधीचं प्रवचन. प्रवचन देणारा माणूस खुद्द नॉक्स. ज्यानं प्रतिमा हटवल्या, तोच त्याच चर्चमध्ये रंगीत काचेत उभा! मी तिथे बराच वेळ थांबलो. सोबतच्या भाचीला कंटाळा आला.

नॉक्सला पुरलं ते चर्चच्या दफनभूमीत. आता तिथे गाड्या उभ्या करतात. त्याची कबर तेवीस नंबरच्या जागेपाशी असल्याचं मानतात. खूण म्हणून जमिनीत एक लहानसा दगड बसवलाय. अब्बांची कबरही कच्चीच आहे, नाव नाही. आम्ही गेलो तेव्हा तेवीस नंबरवर एक गाडी उभी होती. ती निघेपर्यंत थांबू या, असं मी भाचीला म्हटलं.