सैल न पडणारी चेन

गिअरची सायकल चालवणाऱ्यांमध्ये एक मत सिद्धान्तासारखं रूढ झालं आहे. जुन्या काळ्या सायकली पिढ्यान्‌पिढ्या चालल्या, आताच्या सायकलींचे भाग टिकतच नाहीत. चेन बदलायला जावं तर दुकानदार कॅसेटही बदलायला लावतो, कॅसेटपाठोपाठ चेनव्हील येतं, आणि बिल पाहिल्यावर वाटतं की यापेक्षा नवी सायकल घेतलेली बरी. हे बोलणारी माणसं खोटं बोलत नाहीत. बिल खरं आहे आणि चिडचिडही खरी आहे. पण ती जे कारण देतात ते मला पटत नाही. त्या कारणावर विसंबून चांगल्या फ्रेमच्या सायकली जिन्याखाली गंजत पडतात, म्हणून त्याचा प्रतिवाद करणं मला भाग वाटतं.

पूर्वपक्षाचा मुख्य आधार जुनी सायकल. तिचे भाग काय झिजत नव्हते? वर्षाकाठी ओव्हरहॉलिंग करायची रीत होती. हब उघडायचे, छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, खड्डे पडलेले कोन फेकायचे, नवं ग्रीस भरायचं. कॉटर पिन, ब्रेकचे रबर, फ्रीव्हील हे सारं अधूनमधून नवं येई. ती सायकल टिकली ती भाग बदलत राहिल्यामुळेच. शिवाय तिची चेन एकाच सरळ रेषेत चाले, दातेही जाड असत. चेन सैल पडली की मिस्त्री मागचं चाक थोडं मागे ओढून नट आवळे, फारच झालं तर कडी काढे. यातून आपल्या मनात एक खूण घट्ट बसली : चेन सैल पडली तर झिजली, नाहीतर ठीक आहे.

घोटाळा होतो तो या खुणेमुळे. गिअरच्या सायकलीत मागच्या डीरेलरची स्प्रिंग चेनची वाढलेली लांबी आपोआप ओढून घेते. चेन पार संपली तरी हाताला ताठच लागते. शास्त्राच्या भाषेत हा अव्याप्तीचा दोष : झीज आहे, पण तिचं मानलेलं लक्षण दिसत नाही.

‘चेन ताणली गेली’ हा वाक्प्रचारही दिशाभूल करणारा. पायाच्या जोराने पोलाद ताणत नाही. 1880 साली हॅन्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरमध्ये बुश-रोलर चेन तयार केली. तेव्हापासून आजपर्यंत झीज होते ती मुख्यतः कडी जिथे पिनेभोवती वळते तिथे. सायकलच्या चेनमध्ये दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. काळ्या सायकलीत तेवढंच, बारा गिअरच्या सायकलीतही तेवढंच. फरक पडला तो रुंदीत. धूळ आणि तेल यांचा लगदा आत शिरला की पिन घासते आणि हे अंतर वाढतं. अर्धा टक्का वाढ म्हणजे दर पिनेमागे सुमारे 0.06 मिलिमीटर, माणसाच्या केसाच्या जाडीइतकी. पण तेवढ्यानेही चेन दात्यांच्या मुळाशी न बसता थोडी वर चढून बसते, भार थोड्याच दात्यांवर येतो आणि ते आकड्यासारखे वाकडे घासले जातात. जुनी चेन आणि घासलेले दाते एकमेकांना सांभाळून बिनतक्रार चालतात. त्याच दात्यांवर अचूक मापाची नवी चेन चढवली, की चढणीवर जोर लावताच ती घसरते. अशा वेळी कॅसेट बदला म्हणणारा दुकानदार आपल्याला लुबाडत नसतो. आपण उशिरा आलो, एवढंच तो सांगत असतो.

हा उशीर ओळखायला बारा इंचांची पोलादी पट्टी पुरते. चेनच्या ताणलेल्या भागावर एका पिनेच्या मध्यावर शून्य धरावं. नव्या चेनमध्ये त्यापुढची चोविसावी पिन बरोबर बारावर येते. ती एक सोळांश इंच पुढे सरकली असेल तर फक्त चेन बदलून भागतं. एक अष्टमांश सरकली असेल तर बहुधा कॅसेटही गेलेली असते. जी साखळी-प्रतिक्रिया आपण भागांच्या हलक्या दर्जावर ढकलतो, ती या दोन खुणांमधल्या सोळांश इंचात घडते.

यावर काही अनुभवी स्वार म्हणतात, काहीच मोजू नका. चेन आणि कॅसेट एकत्र झिजू द्या, शेवटी दोन्ही एकदम बदला. या पक्षात तथ्य आहे. सात गिअरच्या स्वस्त कॅसेटवर हा हिशेब जमूही शकतो, आणि ज्याची चेन आधीच मर्यादेपलीकडे गेली त्याने घाईने नवी चढवण्यात अर्थ नाही. पण तशी चेन पुढचं चेनव्हीलही खात असते, याचा विसर या मंडळींना पडतो.

आणि इथे मला पूर्वपक्षाच्या बाजूने उभं राहावं लागतं. स्वस्त सायकलींवर चेनव्हील रिव्हेटने ठोकलेलं असतं, त्यामुळे एक चकती झिजली की सगळा क्रँकसेट टाकावा लागतो. टायरचीही तीच कथा. लेडीज सायकलचा 26 × 1⅜ टायर 590 मिलिमीटरच्या रिमचा आणि माउंटन बाइकचा 26 चा टायर 559 चा. दोन्हींना बाजारात ‘सव्वीस’च म्हणतात. मी एकदा असा सव्वीसचा टायर घरी आणला, तासभर रिमवर चढवण्याची खटपट केली, आणि पायीच परत गेलो. दुकानदाराने तो फोडलेला माल म्हणून घेतला नाही. खरं माप टायरच्या कडेवर 37-590 अशा बारीक आकड्यांत असतं आणि ‘26’ मात्र ठळक. सायकल बनवणाऱ्यांनी हे तीन अंक मोठे छापावेत आणि चेनव्हील बोल्टने बसवावं. चार-पाच बोल्टांचा खर्च तो काय, आणि त्यावाचून दर वेळी गिऱ्हाइकाच्या माथी अख्खा क्रँकसेट बसतो.